शिकणाऱ्याचं नाव

डेलबर्ट : ...ते झालं. आता सांग, मुलीचं वय किती?

मार्लिस : कुठल्या मुलीचं?

डेलबर्ट : जिच्या शिक्षणासाठी हे पैसे काढलेस तिचं.

मार्लिस : साठ.

डेलबर्ट : या कानानं मला कमी ऐकू येतं, मार्लिस. जरा या बाजूनं बोल.

मार्लिस : बरोबर ऐकलंत. साठ. पैसे काढले तेव्हा अठ्ठावन्न होतं. शिकणारी मी आहे, डेलबर्ट.

डेलबर्ट : तू?

मार्लिस : मी.

डेलबर्ट : बत्तीस वर्षं कागदाच्या मिलमध्ये पगारपत्रकं केली. अकरा वर्षं झाली, दर हिवाळ्यात या लायब्ररीत बसून लोकांचे कराचे फॉर्म फुकट भरून देतोय. नातवंडांच्या कॉलेजचे कागद घेऊन आजीआजोबा येतात. स्वतःच्या कॉलेजचे कागद घेऊन कुणी आलं नव्हतं.

मार्लिस : आता आलंय. तुम्ही हसलात तरी चालेल. बसमधली पोरं खूप हसली.

डेलबर्ट : हसत नाहीये. चष्मा पुसतोय. पहिल्यापासून सांग. हे शिक्षण बचतीचं खातं उघडलं कुणासाठी?

मार्लिस : ब्रिटासाठी. माझी मुलगी एक वर्षाची होती तेव्हा. शाळेच्या बसच्या पगारातून महिन्याला पन्नास डॉलर, कधी पंचाहत्तर. नवरा गेला त्या वर्षी फक्त काही नाही. सतरा वर्षं भरत होते. आणि अठराव्या वर्षी ही बया म्हणाली, मला कॉलेज नको, मी तटरक्षक दलात जाते.

डेलबर्ट : आणि गेली.

मार्लिस : अलास्कात आहे. समुद्रात बुडणारी माणसं बाहेर काढते. पुढं शिकायचं ठरवलं तर तिचा खर्च सरकार करणार. मी दोन वर्षं धुसफुसले. म्हटलं पैसे राहू दे तिथंच, ठिकाणावर आली की घेईल. ती ठिकाणावरच होती, मी नव्हते.

डेलबर्ट : मग स्वतःचं नाव घातलंस.

मार्लिस : एका दुपारी बस पुलाजवळ थांबवायला लागली. रस्ताखात्याची माणसं तिपाईवर दुर्बीण लावून मोजणी करत होती. मोकळी बस होती, घाई नव्हती. मी उतरले आणि त्या माणसाला विचारलं, यातून दिसतं तरी काय? तो म्हणाला, बघा. मला वाटलं होतं काहीतरी भारी दिसेल. आपला नेहमीचा रस्ता होता, फक्त मधोमध केसाएवढी एक रेघ. सत्तावीस वर्षं मी त्या रस्त्यावरून बस नेली, डेलबर्ट. तो पुलाकडे उतरतो की चढतो हे मला सांगता आलं नसतं. तो माणूस म्हणाला, चार इंच चढतो. घरी गेले तरी ते चार इंच डोक्यातून जाईनात.

डेलबर्ट : आणि हॉटनच्या कॉलेजात जमीन मोजणी शिकायला गेलीस.

मार्लिस : दोन वर्षांचा अभ्यासक्रम. मागच्या मे महिन्यात संपला. वर्गात दुसरा नंबर. पहिला आला तो पोरगा त्रिकोणमिती झोपेत करायचा.

डेलबर्ट : खात्यातलं नाव रीतसर बदललंस ना? नुसते पैसे काढले नाहीस?

मार्लिस : रीतसर. हा घ्या कागद. लाभार्थी ब्रिटा हार्यू, त्या जागी मार्लिस हार्यू. त्यांनी फोनवर तीन वेळा विचारलं, आपण लाभार्थीच्या आई ना? म्हटलं आई पण आणि लाभार्थी पण.

डेलबर्ट : चालतं. मुलाकडून आईकडे, भावाकडून बहिणीकडे, घरातल्या घरात नाव फिरवता येतं. आता करखात्याचं पत्र दे.

मार्लिस : हे. बाराशे शहात्तर डॉलर मागतायत. पैशांचं सोडा. त्यात एक शब्द आहे, तो वाचा.

डेलबर्ट : कुठला?

मार्लिस : अपात्र. अपात्र रक्कम काढली म्हणे. दोन वर्षं मी बर्फात कमरेइतकं उभं राहून कोन मोजले आणि हे म्हणतात अपात्र.

डेलबर्ट : चिडू नकोस. त्यांच्याकडे एकच कागद पोचलाय, बचत खात्याकडून गेलेला हा क्यू फॉर्म. त्यात तीन आकडे असतात. किती काढले, त्यातले मूळचे तुझे किती आणि वाढ किती. तू चौदा हजार काढलेस, पैकी पाच हजार आठशे वाढ. पैसे शिक्षणाला गेले तर वाढीवर कर नाही. दुसरीकडे गेले तर कर, आणि वर दहा टक्के दंड. कुठं गेले ते या फॉर्मात लिहिलेलं नसतं. ते आपण दाखवायचं.

मार्लिस : मी तो फॉर्म दाखवलाच नाही. वाटलं, कर नाही तर लिहायचं कशाला.

डेलबर्ट : तेही चूक नाही. पण विचारलं की पावत्या हव्यात. पैसे थेट कॉलेजला का नाही पाठवलेस?

मार्लिस : कॉलेज हप्त्यांनी घेत होतं. म्हटलं माझ्या खात्यात घेते आणि भरते.

डेलबर्ट : म्हणून त्यांना शंका आली. बघू या. फी... पुस्तकं... हे यंत्र?

मार्लिस : शिकवणाऱ्यानं सक्तीचं केलं होतं. यादी आहे.

डेलबर्ट : मग धरू. बूट?

मार्लिस : दलदलीत जायला लागतं.

डेलबर्ट : बूट नाही धरता येत. त्या वर्षी शिक्षणासाठीची करसवलत वेगळी घेतली होतीस का? घेतली असशील तर तीच फी इथं पुन्हा दाखवता येणार नाही.

मार्लिस : नाही घेतली. तो फॉर्म मला समजलाच नाही.

डेलबर्ट : कधी कधी न समजलेलं बरं पडतं. एक मिनिट... आठ हजार नऊशे. चौदातून वजा केले की राहतात पाच हजार शंभर. एवढ्याचा हिशेब लागत नाही. त्याचा कर आणि दंड मिळून साडेचारशेच्या थोडं वर. खरं सांगू? एवढे भरून टाक आणि मोकळी हो.

मार्लिस : नाही.

डेलबर्ट : बाराशेऐवजी साडेचारशे. लोक आनंदानं भरतात.

मार्लिस : साडेचारशे भरले म्हणजे मी म्हणाले की पाच हजार खाल्ले. मी खाल्ले नाहीत. त्यातला एक डॉलरसुद्धा या गावात खर्च झाला नाही. सगळा हॉटनमध्ये गेला.

डेलबर्ट : हॉटनमध्ये कशावर?

मार्लिस : राहण्यावर आणि जेवणावर. पंच्याऐंशी मैल, डेलबर्ट. रोज जाऊन येऊन कसं करणार? सोमवारी जायचे, शुक्रवारी सकाळी यायचे. पण भाडं आणि जेवण म्हणजे घरखर्च, ते कॉलेजात कसं धरणार?

डेलबर्ट : थांब. आठवड्याला किती तास?

मार्लिस : पूर्णवेळ होते. कॉलेजचं पत्र आहे.

डेलबर्ट : अगं मग हे आधी नाही का सांगायचं. निदान निम्मा वेळ शिकणाऱ्याचं राहणं आणि जेवण धरतात. कॉलेज दर वर्षी ठरवतं की विद्यार्थ्याला राहण्याजेवणाला इतके लागतात, तेवढ्यापर्यंत. साठीची विद्यार्थीण असली तरी. खोलीचं भाडं किती होतं?

मार्लिस : साडेचारशे. जेवणाचे एकशे वीस वेगळे.

डेलबर्ट : त्या वर्षातले नऊ महिने. पाच हजार एकशे तीस. मार्लिस, तीस डॉलर जास्तच निघतायत. भाड्याच्या पावत्या दे.

मार्लिस : नाहीत.

डेलबर्ट : चेक?

मार्लिस : रोख दिले.

डेलबर्ट : घरमालकाकडून लिहून आण. नाव, पत्ता, किती महिने, किती रक्कम, सही.

मार्लिस : तेच तर. घरमालकीण माझी बहीण आहे.

डेलबर्ट : मग सोपं झालं.

मार्लिस : चौदा महिने आम्ही बोललो नाहीये. गेल्याच्या आधीच्या नाताळात सगळ्यांच्या पुढ्यात ती म्हणाली, मार्लिसनं पोरीचं धन खाल्लं. मी ताटावरून उठले. शेवटचे चार महिने मी रोज पंच्याऐंशी मैल जाऊन आले, पण त्या घराची पायरी चढले नाही.

डेलबर्ट : हं. आणखी एक गोष्ट तुला सांगायला हवी, आवडणार नाही. खोली भाड्यानं दिली की ते तिचं उत्पन्न. तिनं ते करात दाखवलं नसेल आणि तुला सही करून दिली, तर ती स्वतःच्या हातानं स्वतःला अडकवेल.

मार्लिस : म्हणजे जिनं मला चोर म्हटलं तिच्याकडे जाऊन मी म्हणायचं, बाई, मी चोर नाही एवढं लिहून दे, मग तू चोर ठरलीस तरी चालेल.

डेलबर्ट : तीस दिवस आहेत. त्यातले नऊ गेले. साडेचारशेचा रस्ता अजून उघडा आहे.

मार्लिस : माझी फाइल द्या इकडे.

*

(तीन दिवसांनी. हॉटनमधल्या आर्डिसच्या घराचं मागचं दार. मार्लिसच्या हातात कागदी पिशवी.)

आर्डिस : पुढच्या दारानं पाहुणे येतात. मागच्या दारानं कोण येतं?

मार्लिस : पुढच्या दारापुढे चार फूट बर्फ आहे. काढायला माणूस येत नाही का?

आर्डिस : येतो कधीतरी. बूट बाहेर काढ. पिशवीत काय?

मार्लिस : पास्टी. आईच्या त्या मांस-बटाट्याच्या करंज्या. दोन. अजून गरम आहेत, गाडीत हीटरपुढे ठेवल्या होत्या.

आर्डिस : सलगम घातलाय?

मार्लिस : आईसारखा. जास्त.

आर्डिस : बस. माझ्याकडे केचप नाहीये, आधीच सांगते. या घरात पास्टीवर रस्सा घेतात.

मार्लिस : चालेल.

आर्डिस : चालेल म्हणतेय. म्हणजे काहीतरी मागायला आलीस.

मार्लिस : हो.

आर्डिस : बोल. गार होतंय.

मार्लिस : मला करखात्याचं पत्र आलंय. कॉलेजच्या पैशांबद्दल.

आर्डिस : म्हणजे सरकारनंही विचारलं. मी विचारलं तर बाईसाहेब ताटावरून उठून गेल्या.

मार्लिस : तू विचारलं नाहीस, आर्डिस. तू सांगितलंस. मुलं, सुना, पाद्रीबाबा, सगळ्यांच्या पुढ्यात. विचारलं असतंस तर मी उत्तर दिलं असतं.

आर्डिस : बरं, आता विचारते. ब्रिटाला विचारून घेतलेस का पैसे?

मार्लिस : नाही.

आर्डिस : बघ.

मार्लिस : विचारलं नाही. तीन महिन्यांनी सांगितलं. आधी सांगायची हिंमत झाली नाही, मी पहिल्या परीक्षेत नापास झाले असते तर? पास झाले आणि फोन केला. ती बोटीवर होती. आवाज तुटत होता. म्हणाली, आई, मी घर सोडलं त्या दिवसापासून मला वाटायचं ते पैसे माझ्यावर रुसून बसलेत. आता ते कामाला लागले, बरं झालं.

आर्डिस : असं म्हणाली?

मार्लिस : असंच. आणि म्हणाली, गणित अडलं तर फोन कर.

आर्डिस : हे तू तेव्हा का नाही सांगितलंस?

मार्लिस : तू मला चोर म्हणाली होतीस. चोरानं सफाई का द्यायची?

आर्डिस : तोंड बापावर गेलंय तुझं. काय हवंय ते सांग.

मार्लिस : त्या वर्षी मी तुझ्याकडे नऊ महिने राहिले, भाडं किती दिलं, जेवणाचे किती दिले, एवढं लिहून सही. पण आधी ऐक. लायब्ररीतला डेलबर्ट म्हणाला, ते तुझं उत्पन्न धरतात. तू दाखवलं नसशील तर ही सही तुझ्या अंगावर येईल. म्हणून मी फोनवर नाही मागितली. तुला त्रास होणार असेल तर देऊ नकोस. मी साडेचारशे भरते आणि विषय संपवते. कुणाला काही सांगणार नाही.

आर्डिस : साडेचारशे भरलेस तर काय होतं?

मार्लिस : पाच हजार मी उडवले असं कायमचं कागदावर राहतं.

आर्डिस : आणि तू ते राहू देशील? माझ्यासाठी?

मार्लिस : रस्सा दे इकडे.

आर्डिस : मी काय विचारलं?

मार्लिस : राहू देईन. आता रस्सा दे.

आर्डिस : खा तू. मी आलेच... हे घे. हात पूस आधी, तुपकट आहेत.

मार्लिस : हे काय आहे?

आर्डिस : मी बेकरीतून निवृत्त झाले तेव्हा तिथले लोक जुनी पावतीपुस्तकं फेकणार होते. मी आणली. कार्बनची. जानेवारी, फेब्रुवारी, मार्च, सगळ्या आहेत. भाडं वेगळं, जेवण वेगळं. पांढरी प्रत फाडायची ती तुझी, पिवळी माझी. पांढऱ्याही इथंच आहेत, तू कधी मागितल्या नाहीस.

मार्लिस : बहिणीकडून पावती कोण मागतं?

आर्डिस : कोण पैसे देतं बहिणीला? मी नको म्हणत होते, तू टेबलावर ठेवून जायचीस. ठेवलेस ना, मग पावती होणार. आणि ही त्या वर्षीची माझी करपत्रकं. इथं वाच. या ओळीवर.

मार्लिस : भाड्याचं उत्पन्न... आर्डिस, तू दाखवलंस.

आर्डिस : दोन्ही वर्षं. कर पण भरला. मी बेचाळीस वर्षं बेकरीत पाव मोजले. माझ्याकडे एक पाव इकडचा तिकडे झाला नाही.

मार्लिस : मला वाटलं—

आर्डिस : तुला वाटलं मी तुझे पैसे उशीखाली ठेवले. मला वाटलं तू पोरीचे खाल्लेस. दोघींना बरंच काही वाटलं. खा.

मार्लिस : तू माझ्यासाठी दाखवलंस का? मला उद्या लागेल म्हणून?

आर्डिस : नाही. गोड बोलायला लावू नकोस. कायदा आहे म्हणून दाखवलं. त्या नाताळात तर मी तुझ्यावर इतकी चिडले होते की पावतीपुस्तक चुलीत घालणार होते.

मार्लिस : का पण? एवढं चिडायला काय झालं होतं? ब्रिटासाठी नाही चिडलीस तू. ब्रिटाला तू वाढदिवसाचं कार्डसुद्धा उशिरा पाठवतेस.

आर्डिस : रस्सा गार झाला. गरम करून आणते.

मार्लिस : आर्डिस.

आर्डिस : तू त्या रात्री जेवताना सांगत होतीस. कुठल्या तरी टेकडीची उंची तू काढलीस आणि सरांनी सगळ्या वर्गाला तुझी वही दाखवली. पोरीसारखी सांगत होतीस, हात उडवत. मी समोर बसले होते. मला ते सहन झालं नाही.

मार्लिस : टेकडीची उंची?

आर्डिस : त्याच कॉलेजनं मला बोलावलं होतं. पंचाहत्तर साली. रसायनशास्त्राला. तू दहा वर्षांची होतीस, तुला कसं माहीत असणार. पत्र आलं, आईनं वाचलं, बाबांना दाखवलं. बाबा खाणीतून आले होते, बूट काढत होते. म्हणाले, पैसे आहेत ते एकाच्या शिक्षणापुरते, आणि ते रॉयचे, मुलाचे. पत्र जेवणाच्या टेबलावर राहिलं. दुसऱ्या दिवशी त्याच्यावर कुणीतरी मासा साफ केला होता.

मार्लिस : रॉय तर एका वर्षात सोडून आला.

आर्डिस : हो. आणि मी सोमवारी बेकरीत लागले. आणि मग पन्नास वर्षांनी माझी धाकटी बहीण माझ्या माडीवर राहून त्याच कॉलेजात जाते, आणि रात्री खाली येऊन मला विचारते, आर्डिस, कोसाइन म्हणजे काय ते तुला सांगू का?

मार्लिस : तू हो म्हणायचीस.

आर्डिस : हो म्हणायचे. आणि तू सांगायचीस. मला समजायचं, हेच जास्त लागायचं.

मार्लिस : मला सांगायचं होतंस गं.

आर्डिस : काय सांगू? की साठीला आलेल्या बहिणीचा हेवा वाटतो? त्यापेक्षा चोर म्हणणं सोपं होतं. चूक केली. घे, म्हटलं. परत म्हणायला लावू नकोस.

मार्लिस : नाही लावत.

आर्डिस : कागद आण, लिहून देते. तारखेसकट. आणि माझ्या करपत्रकाची नक्कल पण जोड. त्यांना म्हणावं, काय तपासायचं ते तपासा.

मार्लिस : खात्यात अजून तीन हजार उरलेत. डेलबर्ट म्हणाला, बहिणीच्या नावावरही करता येतात.

आर्डिस : कशाला? अडुसष्टाव्या वर्षी प्रयोगशाळेतल्या नळ्या फोडायला?

मार्लिस : मी नुसतं सांगितलं.

आर्डिस : नुसतं सांगू नकोस काही. संध्याकाळचे वर्ग असतात का तिथं?

मार्लिस : असतात.

आर्डिस : असू देत. दुसरी पास्टी अर्धी अर्धी करू.

*

डेलबर्ट : आज एप्रिलची नऊ तारीख. बरोबर सात आठवडे लागले. या, या खुर्चीवर बसा. तुम्ही कोण?

आर्डिस : आर्डिस लेहतो. हिची बहीण. कार्बनच्या पावत्या माझ्या.

डेलबर्ट : तुम्हीच त्या. मॅडम, बत्तीस वर्षांच्या नोकरीत इतक्या सुंदर पावत्या मी पाहिल्या नाहीत. महिन्याच्या पहिल्या तारखेला, एकाच पेनानं.

आर्डिस : पेन संपलं असतं तर दुसरं घेतलं असतं. पाकीट फोडलं का?

मार्लिस : मी नाही फोडलं. काल आलंय. रात्रभर फ्रिजवर ठेवलं होतं. डेलबर्ट, तुम्ही फोडा.

डेलबर्ट : बघू या. सुरी कुठंय माझी... हं. तारीख. संदर्भ क्रमांक. आपण पाठवलेली माहिती तपासण्यात आली.

आर्डिस : पुढं.

डेलबर्ट : मला वाचू द्या. पाठवलेल्या कागदपत्रांवरून, खात्यातून काढलेली संपूर्ण रक्कम लाभार्थीच्या पात्र शैक्षणिक खर्चासाठी वापरली गेली असल्याचं मान्य करण्यात येत आहे. आपल्या करपत्रकात कोणताही बदल नाही. कोणतीही रक्कम देय नाही.

मार्लिस : पुन्हा वाचा.

डेलबर्ट : कोणतीही रक्कम देय—

मार्लिस : ते नाही. त्याच्या आधीचं.

डेलबर्ट : लाभार्थीच्या पात्र शैक्षणिक खर्चासाठी.

मार्लिस : पात्र.

डेलबर्ट : पात्र. संपूर्ण रक्कम. मार्लिस, या टेबलाशी बसून मी बऱ्याच लोकांचे थोडेफार पैसे वाचवलेत. पण शून्य असं क्वचित येतं. बाराशे शहात्तरवरून शून्य.

आर्डिस : रडतेस काय?

मार्लिस : रडत नाहीये.

आर्डिस : मग मला रुमाल दे. मला लागतोय.

डेलबर्ट : याच्या दोन नकला काढतो. एक तुझ्या फाइलला, एक माझ्या. पुढच्या वेळी कुणी आजीबाई म्हणाल्या की माझं वय झालं, तर मला दाखवायला काहीतरी हवं. नाव झाकीन.

मार्लिस : झाकू नका.

डेलबर्ट : बरं, नाही झाकत. आता आलीच आहेस तर या वर्षीचंही उरकू. मुदत सहा दिवसांवर आहे. मागच्या वर्षाचा क्यू फॉर्म आहे ना? शेवटच्या सत्राचा?

मार्लिस : हा. आणि या पावत्या. आणि हा पेट्रोलचा हिशेब. चार महिने रोज एकशे सत्तर मैल.

डेलबर्ट : पेट्रोल धरत नाहीत.

आर्डिस : माझ्यामुळे गेलं ते. किती झालं?

मार्लिस : सोड.

आर्डिस : सोडत नाही. माझ्याकडे पावतीपुस्तक आहे अजून.

डेलबर्ट : भांडण घरी. फी एवढी, काढले तेवढेच. या वेळी खळखळ नाही. नोकरी? हे जिल्ह्याच्या रस्ताखात्याचं वेतनपत्र दिसतंय. जूनपासून. तिथं काय करतेस तू आता?

मार्लिस : सर्वेक्षणाच्या पथकात आहे. यंत्र माझ्याकडे असतं. मागच्या आठवड्यात उत्तरेच्या दलदलीत आम्ही जुना सीमादगड शोधत होतो. शंभर वर्षांपूर्वीच्या नकाशात होता, नंतर कुणाला दिसला नव्हता. पथकप्रमुख म्हणाला, गेला तो, नवा ठरवू. मी म्हटलं, माझ्या आकड्यानं तो त्या सुरूच्या मुळाखाली असायला हवा. खणलं. दीड हातावर लागला. वर फुली कोरलेली.

डेलबर्ट : दीड हातावर?

मार्लिस : दीड. त्या माणसानं टोपी काढली. मला नाही, दगडाला. पण मी शेजारीच उभी होते.

आर्डिस : मला फोन करून सांगितलं हिनं. दोन वेळा. तीच गोष्ट.

मार्लिस : तू दुसऱ्यांदा सांग म्हणालीस.

आर्डिस : पहिल्यांदा लाइन खराब होती.

डेलबर्ट : शेवटचा रकाना राहिला. सहीच्या शेजारचा. गेल्या वर्षी तू स्वतः भरलास, बसचालक लिहिलंयस. या वर्षी व्यवसाय काय लिहू?

आर्डिस : मोजणीदार.

डेलबर्ट : तुमचा नाही विचारत, मॅडम. हिचा.

आर्डिस : हिचाच सांगतेय.

मार्लिस : मदतनीस लिहा, डेलबर्ट. परवान्याची परीक्षा द्यायला अजून चार वर्षं काम करायला लागेल.

आर्डिस : परवाना विचारलाय का तिथं? काय काम करते एवढंच विचारलंय. मोजणीदार लिहा.

डेलबर्ट : लिहिलं. मार्लिस, इथं सही कर.